कॅगचा अहवाल वाचताना या चुका टाळा

अधिवेशन संपता संपता कॅगचा अहवाल सभागृहाच्या पटलावर येतो आणि तासाभरात व्हॉट्सॲपवर एक आकडा फिरू लागतो. एक बाजू म्हणते घोटाळा, दुसरी म्हणते आकडाच खोटा. अहवाल मात्र दोन्हीकडच्या फार थोड्यांनी उघडलेला असतो. याचं मनापासून वाईट वाटतं, कारण सरकारनं आपल्या पैशाचं काय केलं हे इतक्या पुराव्यानिशी सांगणारा दुसरा कागद सामान्य माणसाला फुकटात मिळत नाही. सरकारी हिशेब तपासणारे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजेच कॅग, यांच्या संकेतस्थळावर केंद्राचे आणि राज्यांचे अहवाल कुणालाही उतरवून घेता येतात. फक्त ते वाचताना काही चुका हमखास होतात.

ठळक आकडा उचलायचा आणि खालची दोन वाक्यं सोडायची

ही सगळ्यात मोठी चूक. ऑगस्ट 2023 मध्ये संसदेत भारतमाला परियोजनेच्या, म्हणजे केंद्राच्या महामार्ग बांधणी कार्यक्रमाच्या, पहिल्या टप्प्यावरचा अहवाल आला. त्यातला दिल्ली-गुरुग्राम जोडणाऱ्या द्वारका एक्स्प्रेसवेचा भाग देशभर गाजला. मंत्रिमंडळ समितीनं मंजूर केलेला खर्च किलोमीटरमागे 18.20 कोटी रुपये आणि महामार्ग प्राधिकरणाच्या मंडळानं मान्य केलेला 250.77 कोटी. लोकांनी दोन आकडे शेजारी ठेवले, वजाबाकी केली आणि उरलेले पैसे कुणीतरी खाल्ले असं ठरवून टाकलं.

आता तोच भाग सावकाश वाचा. 29.06 किलोमीटरसाठी 7,287.29 कोटी मान्य झाले, त्याला भागून 250.77 आले. म्हणजे हा मंजुरीचा आकडा, ठेकेदाराला पोचलेली रक्कम नव्हे. 18.20 कोटी हा एकूण कार्यक्रम डोळ्यासमोर ठेवून धरलेला दर होता. द्वारका एक्स्प्रेसवे तर मोठ्या लांबीचा आठ पदरी उन्नत, म्हणजे खांबांवरून जाणारा मार्ग. मंत्रालयाचं उत्तरही तिथेच छापलेलं आहे: आंतरराज्य वाहतूक विनाअडथळा जावी म्हणून उन्नत मार्ग ठरवला. लेखापरीक्षकांनी हे उत्तर मान्य केलं नाही. दिवसाला सरासरी 55,432 प्रवासी वाहनांसाठी एवढ्या मार्गिका का, याचं कारण नोंदींमध्ये कुठेच नाही, असं त्यांनी लिहिलं.

माझ्या मते त्या परिच्छेदाचा खरा जीव इथे आहे. 18 विरुद्ध 250 ही तुलना मंत्री पत्रकार परिषदेत दहा मिनिटांत खोडू शकतात आणि तसा खुलासा झालाही. पण ‘हा आराखडा निवडल्याचं कारण फायलीत कुठे आहे?’ हा प्रश्न तसा खोडता येत नाही. म्हणून कॅगचा परिच्छेद वाचायचा तर आक्षेप, विभागाचं उत्तर आणि त्या उत्तरावरचा शेरा हे तिन्ही वाचायचे. उत्तरच आलेलं नसेल तर तेही तिथे लिहिलेलं असतं, आणि ती स्वतःच मोठी बातमी असते.

त्याच महिन्यात आलेल्या आयुष्मान भारत या मोफत उपचारांच्या योजनेवरच्या अहवालातही हेच झालं. 7,49,820 लाभार्थ्यांच्या नावापुढे 9999999999 हा एकच मोबाइल क्रमांक होता. मोबाइल क्रमांकावरून पात्रता ठरत नाही, हे सरकारचं म्हणणं विचारात घेण्यासारखंच आहे. तरीही ज्याचा खरा क्रमांक यंत्रणेकडे नाही, त्या रुग्णाच्या कार्डावर उपचार दाखवले गेले तर त्याला कळवणार कसं, ही शंका त्यानं मिटत नाही.

अंदाजित नुकसान म्हणजे चोरी असं धरणं

2010 च्या नोव्हेंबरात टू-जी स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाइल कंपन्यांना दिलेल्या रेडिओ लहरींच्या वाटपाचा अहवाल आला तेव्हापासून 1,76,645 कोटी हा आकडा आपल्या डोक्यात बसला आहे. अहवालात मात्र निरनिराळ्या पद्धतींनी काढलेले अनेक अंदाज होते. सगळ्यात कमी 57,666 कोटींचा, आणि सगळ्यात मोठा थ्री-जी लिलावाच्या भावावरून काढलेला. तिजोरीत येऊ शकले असते पण आले नाहीत, अशा पैशांचा हा हिशेब. गणिताची पद्धत बदलली की आकडा बदलणारच, म्हणून तर अनेक दिले होते.

पुढे 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयानं या वाटपातले 122 दूरसंचार परवाने रद्द केले, आणि डिसेंबर 2017 मध्ये विशेष न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं. ज्याला जे सोयीचं तो ते पुढे करतो. वास्तविक तीन ठिकाणी तीन वेगळे प्रश्न होते. लेखापरीक्षेनं पाहिलं की सार्वजनिक मालमत्तेचं योग्य मोल मिळालं का. सर्वोच्च न्यायालयानं पाहिलं की वाटपाची पद्धत मनमानी होती का. फौजदारी न्यायालयानं पाहिलं की या माणसांचा गुन्हा पुराव्यानं शाबीत होतो का. एकाच्या उत्तरानं दुसऱ्याचं उत्तर आपोआप खोटं ठरत नाही.

फुटलेला मसुदा अंतिम समजणं

कोळसा खाणींच्या वाटपाबाबत कॅगचा मसुदा फुटला आणि मार्च 2012 मध्ये वर्तमानपत्रांत 10.67 लाख कोटींचा अंदाज छापून आला. ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष मांडलेल्या अहवालात 1.86 लाख कोटी होते, आणि तेही फक्त खासगी कंपन्यांना झालेल्या फायद्याचे. कॅगनं दबावाखाली आकडा कमी केला असं म्हणण्याआधी अहवाल तयार कसा होतो ते पाहा.

लेखापरीक्षा पथक कार्यालयात बसतं, फायली, रोकडवह्या, मोजमाप पुस्तिका मागवतं. शंका आली की अर्धसमास, म्हणजे लेखी विचारणा काढतं, कार्यालय त्याला उत्तर देतं. उत्तरानं समाधान झालं तर विषय तिथेच संपतो. उरलेलं त्या कार्यालयाच्या ‘निरीक्षण अहवाला’त जातं. त्यातलं गंभीर तेवढं मसुदा परिच्छेद होऊन सचिवांकडे जातं, त्यांना साधारण सहा आठवडे मिळतात, शेवटी समोरासमोर बैठक होते. या वाटेवर आकडे गळतात, बदलतात, कधी पूर्ण परिच्छेद वगळला जातो. दुसऱ्या बाजूचं ऐकून घेतल्याची ती खूण आहे. त्यामुळे सभागृहात मांडलेला नसेल तो अहवाल नव्हे, मग तो कितीही खळबळजनक असो.

‘आमच्या गावात तर काम चांगलं झालंय’

जलयुक्त शिवार अभियानावरचा अहवाल सप्टेंबर 2020 मध्ये विधिमंडळात आला. 9,633.75 कोटी रुपये खर्चूनही गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यावर आणि भूजल पातळी वाढवण्यावर अभियानाचा परिणाम फारसा दिसला नाही, असा त्याचा निष्कर्ष. लगेच दोन टोकं तयार झाली. कुणी सगळंच अभियान वाया गेल्याचं सांगू लागलं, तर कुणी आपल्या गावातल्या भरलेल्या बंधाऱ्याचा फोटो टाकून अहवाल खोटा ठरवला.

तपासणी सहा जिल्ह्यांतल्या 120 गावांची झाली होती. नमुना कसा निवडला ते अहवालाच्या सुरुवातीलाच दिलेलं असतं, आणि नेमकी तीच पानं सगळे उलटून जातात. नमुन्यात नसलेल्या एखाद्या गावात काम उत्तम झालं असू शकतं. त्यानं नमुन्यातले दोष पुसले जात नाहीत, आणि नमुन्यावरून प्रत्येक गाव कोरडं असंही म्हणता येत नाही.

मोजपट्टी कुणाची होती, हेही पाहा. कामगिरी लेखापरीक्षेत लेखापरीक्षक आपल्या मनानं निकष ठरवत नाहीत. सरकारचेच शासन निर्णय, मार्गदर्शक सूचना आणि जाहीर उद्दिष्टं यांना ते धरून चालतात. ‘सर्वांसाठी पाणी, टंचाईमुक्त महाराष्ट्र 2019’ हे उद्दिष्ट शासनाचंच होतं. पैसा काटकसरीनं लागला का, कार्यक्षमतेनं लागला का, आणि ज्यासाठी लावला ते घडलं का, एवढंच विचारलं गेलं. पाऊस कमी पडला तर भूजल कसं वाढेल, असा प्रतिप्रश्न जरूर करावा. फक्त तो अहवाल वाचून करावा.

काळाची गल्लतही इथेच होते. काम एका सरकारच्या काळातलं, अहवाल पटलावर आला दुसऱ्याच्या काळात. अहवाल राज्यपालांना सादर झाल्यावर सभागृहात कधी मांडायचा, हे कॅगच्या हातात नसतं. म्हणून मुखपृष्ठावरचं वर्ष सोडा आणि लेखापरीक्षेचा कालावधी कोणता ते शोधा.

उपयोगिता प्रमाणपत्र नाही म्हणजे पैसे खाल्ले

राज्याच्या वित्तव्यवस्थेवरच्या अहवालात प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रांचा मोठा आकडा असतो. त्याचा अर्थ एवढाच की अनुदान दिलं, पण ते ठरल्या कामाला लागल्याचा कागद आला नाही. पैसा योग्य जागी लागलेलाही असेल. पण याला नुसती कारकुनी दिरंगाई म्हणून सोडून देणं मला पटत नाही. वर्षानुवर्षं कागद येत नसेल तर पैसा कुठे गेला हे सरकारलाच ठाऊक नसतं. संक्षिप्त देयकावर (तपशील नंतर देण्याच्या बोलीवर) रक्कम काढून तपशीलवार देयक न देणं, किंवा निधी व्यपगत होऊ नये, म्हणजे वर्ष संपताना परत जाऊ नये, म्हणून मार्च अखेरीस काढून स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या नावच्या सरकारी ठेव खात्यात ठेवणं, ही त्याचीच भावंडं. खर्चाच्या रकान्यात रक्कम दिसते, जमिनीवर काम नसतं.

प्रत्येक तक्रार कॅगकडे पाठवणं

ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपरिषद यांच्या नेहमीच्या तपासणीचं काम राज्याच्या स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालयाकडे आहे. मुंबई महापालिकेला स्वतःचे मुख्य लेखापरीक्षक आहेत. 2022 मध्ये तिथल्या सुमारे बारा हजार कोटींच्या कामांची कॅगनं तपासणी केली ती राज्य सरकारनं खास विनंती केल्यावर. निवृत्तिवेतनासाठी आपण ज्या ‘एजी ऑफिस’च्या (महालेखापाल कार्यालयाच्या) नावानं वाट पाहतो, ती लेखा व हकदारीची, म्हणजे हिशेब ठेवणारी आणि देणी ठरवणारी शाखा. लेखापरीक्षेची कार्यालयं वेगळी.

कॅग कुणाला शिक्षा करत नाहीत, वसुलीही करत नाहीत. ‘सरकारनंच नेमलेला माणूस, तो काय लिहिणार’ असंही ऐकू येतं. नेमणुकीला निवड समिती नाही हा आक्षेप रास्तच आहे. पण एकदा नेमल्यावर सहा वर्षं किंवा वयाची 65 वर्षं, यातलं जे आधी येईल तोवर त्यांना हलवायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याइतकीच अवघड प्रक्रिया लागते.

अहवाल मांडला, विषय संपला

खरं काम यानंतर सुरू व्हायला हवं आणि ते इथेच अडतं. अहवाल सभागृहातल्या सदस्यांच्या लोकलेखा समितीकडे जातो. संसदेत 1967 पासून या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. समिती सचिवांना बोलावून जाब विचारू शकते, पण तिला सगळे परिच्छेद घेणं जमत नाही, आणि उरलेल्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. आपल्या जिल्ह्याचं नाव असलेला परिच्छेद कापून आमदारांना द्या आणि समितीनं तो घेतला का, हे लेखी विचारा.

माहिती अधिकारात ‘गैरव्यवहार का झाला’ असं विचारलं की उत्तर टळतं. कागद मागा: अमुक वर्षाच्या महालेखापाल निरीक्षण अहवालाची प्रत, त्यावर कार्यालयानं दिलेलं अनुपालन (आक्षेपावर काय केलं याचं उत्तर), आणि आजअखेर प्रलंबित परिच्छेदांची यादी. अर्ज दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून त्याच कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या. विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचं कारण देऊन नकार आला, तर मागितलेला कागद न मांडलेला अहवाल नसून कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार आहे, हे स्पष्ट लिहून 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करा.