जपानमध्ये शिकताना जवळपास भूकंप झाला तर

धक्का थांबेपर्यंत टेबलाखाली डोकं झाकून बसा. थांबला की आधी दार उघडून ठेवा. चौकट वाकली तर ते अडकतं. समुद्राजवळ असाल तर पुढचं सगळं नंतर, आधी उंचावर चढा.

घरी फोन लावत बसू नका, लाइन लागत नाही. मेसेज टाका, शहराचं नाव आणि केंद्रापासूनचं अंतर लिहून. नाहीतर टीव्ही बघून आईला अख्खा जपान हादरल्यासारखा वाटतो. यजमान कुटुंबासाठी १७१ ही आपत्तीत निरोप ठेवायची फोन सेवा लावा, १ दाबा, त्यांचा फोन नंबर टाका, ३० सेकंदांचा निरोप ठेवा. सूचना जपानीत असतात, म्हणून सराव हवाच. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला ही सोय चाचणीसाठी खुली असते.

आणि बूट पलंगाशेजारी ठेवा. मी ठेवते. अंधारात फुटलेल्या काचा दिसत नाहीत.