टॉवर गेलेल्या रात्रीचं ओसीपीपी

ओसीपीपी ही इलेक्ट्रिक गाड्यांचा चार्जर आणि त्याचा हिशोब ठेवणारा सर्व्हर यांची आपसातली बोली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. बूट नोटिफिकेशन म्हणजे चार्जर सुरू झाल्याचा निरोप, हार्टबीट म्हणजे तो जिवंत असल्याचा निरोप, हेही यूट्यूबवर पाहून झालं असेल. मीही तिथूनच शिकलो आणि तीन महिन्यांत स्वतःला शहाणा समजायला लागलो.

पांढरकवड्याजवळ नागपूर-हैदराबाद हायवेवरच्या एका ढाब्यावर आमचा फास्ट चार्जर होता. सर्व्हरचं काम मी यवतमाळात घरी बसून बघायचो. एका वळवाच्या पावसात मोबाइलचा टॉवर बसला, वीज मात्र होती. चार टॅक्सीवाले चार्जरच्या ओळखीच्या कार्डांवर गाड्या चार्ज करून निघून गेले. सकाळी मालकाचा फोन. "भाऊ, गाड्या त रातभर लागल्या. मीटर फिरलं, मंग हिशोबात काहून नाई?"

चूक माझीच होती. अर्ध्या तासापेक्षा जुनी वेळ असलेला संदेश खोटा समजून एरर द्यायचा, अशी तपासणी मी हौसेनं लिहिली होती. आता नीट वाचा, कारण इथेच माझं नाक कापलं गेलं. नेटवर्क नसताना चार्जर व्यवहाराचे संदेश साठवून ठेवतो आणि रेंज आली की क्रमानं पाठवतो. त्यावरची वेळ जुनी असणारच, ती गाडी लागल्याची-निघाल्याची वेळ असते. सर्व्हरनं एरर दिला की चार्जर तोच संदेश पुन्हा पाठवतो. किती वेळा आणि किती अंतरानं, ते सेटिंगमध्ये असतं. आमच्याकडे 3 वेळा आणि 60 सेकंद. हे अंतर दर खेपेला वाढतं, आधी 60, मग 120. तोवर मागची रांग तुंबलेली. तिसऱ्यांदाही एरर आला की चार्जर तो संदेश टाकून देतो. गेला तो गेलाच, रीडिंगसकट. वीज दिली, बिल शून्य.

ओसीपीपीच्या 1.6 या आवृत्तीच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलंय: स्टॉप ट्रान्झॅक्शनमधली, म्हणजे चार्जिंग संपल्याच्या संदेशातली माहिती कितीही संशयास्पद वाटो, उत्तर द्यायचंच. पोच आधी, भांडण नंतर. शंका आली तर नोंद बाजूला ठेवा आणि निवांत तपासा. मी ते पान वाचलंच नव्हतं. माझ्या सिनियरनंही नव्हतं, पण तो मान डोलवायचा फार छान.

म्हणून हजारो रुपयांच्या सर्टिफिकेटच्या नादी लागू नका. ओसीपीपी बनवणाऱ्या ओपन चार्ज अलायन्स या संस्थेचा दस्तऐवज फुकट मिळतो. स्टीव्ह नावाचा मुक्त (ओपन सोर्स) ओसीपीपी सर्व्हर जुन्या लॅपटॉपवरही चालतो. इंग्रजी जड जातं? मलाही जायचं, रोज दोन पानं वाचायचो. झेपतं.

ओसीपीपीचं पुढचं रूप, 2.0.1, आलं 2020 मध्ये. त्यात व्यवहाराच्या प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो, त्यामुळे मधला गळला तर कळतं. पण ते 1.6 शी जुळत नाही, आणि गावाकडचे जुने चार्जर 1.6 च बोलतात. आधी तेच पक्कं करा. ओसीपीआय ही वेगळी बोली, म्हणजे एका चार्जिंग कंपनीचं दुसरीशी बोलणं, ते नंतर बघता येईल.

नवीन चार्जर आला की मी आता आधी त्याचं सिम काढतो. दोन व्यवहार करतो, मेन स्विच पाडतो, परत चालू करतो आणि मग सिम घालतो. दोन्ही व्यवहार सर्व्हरवर दिसले तरच सही. ढाब्याच्या मालकाला हा खेळ आवडतो. चहा पाजतो, पण त्या चार गाड्यांचे पैसे अजून माझ्याच नावावर लिहून ठेवलेत त्यानं.