११८ एनईचे इंजिन घरच्या शेडमध्ये बांधताना

प्रीमियर ११८ एनई ही गाडी १९८५ साली आली तेव्हा तिची बॉडी फियाट १२४च्या घराण्यातली होती आणि इंजिन निस्सानचे ए-१२ होते. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७० मिमी, क्षमता ११७१ सीसी आणि ताकद सुमारे ५२ अश्वशक्ती. कागदावर हे आकडे आज किरकोळ वाटतील, परंतु स्ट्रोकपेक्षा बोअर मोठा असल्यामुळे हे इंजिन वरच्या आरपीएमला आनंदाने जाते, त्याच्या क्रँकला पाच मेन बेअरिंगांचा आधार आहे, आणि जपानमध्ये याच इंजिनाच्या निस्सान सनी गाड्या वर्षानुवर्षे शर्यतीत धावल्या आहेत. म्हणजे खालच्या बाजूची, ब्लॉक आणि क्रँकची, मजबुती कंपनीने मागितलेल्या ताकदीपेक्षा बरीच जास्त आहे. कोल्हापूर परिसरात ज्यांनी ही गाडी जपून ठेवली आहे, त्यांनी तिचे इंजिन बदलून दुसरे बसवण्याऐवजी मूळचेच नीट बांधावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी काय करायचे आणि बाहेर काय द्यायचे, ही विभागणी सुरुवातीलाच पक्की करावी. उघडणे, साफ करणे, मोजणे आणि जुळवणे ही कामे घरची; बोअरिंग, होनिंग (बोअरची भिंत दगडाने बारीक घासणे), क्रँक ग्राइंडिंग आणि हेड फेसिंग (हेडचा पृष्ठभाग सपाट कापणे) ही कामे मशीनची. कोल्हापूरकरांचे भाग्य असे की, शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत बीडाचे ओतकाम आणि त्यावरचे मशीनिंग जाणणारे कारागीर सहज भेटतात. मात्र किती कापायचे हा आकडा मालकाच्या वहीतून गेला पाहिजे. ‘इंजिन आहे, बघून घ्या’ असे सांगून ब्लॉक टाकून आले, तर काम कारागिराच्या सवयीच्या क्लिअरन्सने, म्हणजे दोन भागांमधल्या फटीने, होते, आपल्या पिस्टनच्या नव्हे. कागदपत्रांचेही आधी पाहावे. इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो, त्यामुळे एमएच-०९ची नोंदणी असलेल्या गाडीत मूळ ब्लॉक टिकवणे कायद्याच्या दृष्टीनेही सोयीचे; मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या फेरफारांना मर्यादा घालते, म्हणून ब्लॉक किंवा इंजिनच बदलायचे असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्यावी.

इंजिन उतरवण्यापूर्वी ते गरम असताना कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. चारही प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा, स्टार्टरने फिरवून आकडे लिहावेत. ज्या सिलिंडरचा आकडा कमी येतो त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा पाहावे. आकडा वाढला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये. खोलताना मेन कॅप आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅपवर क्रमांक आहेत का ते पाहावे, नसल्यास पंचाने खुणा कराव्यात, कारण कॅप आणि रॉड एकत्र बसवून मशीन केलेले असतात आणि अदलाबदल झाली की बेअरिंगचे भोक गोल राहत नाही. पुशरॉड आणि टॅपेट (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे भाग) ज्या जागेचे त्याच जागेच्या क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवावेत.

आता मोजणी, आणि इथे घाई मुळीच करू नये. बोअर डायल गेज, बाहेरचा मायक्रोमीटर आणि फिलर गेज ही तीन साधने विकत घ्यावीत किंवा विश्वासाच्या माणसाकडून आणावीत. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर गाडीच्या लांबीच्या व रुंदीच्या अशा दोन दिशांना मोजावा. झीज बहुधा वरच्या रिंगेच्या थांबण्याच्या जागी आणि पिस्टन ज्या बाजूला रेटतो त्या रुंदीच्या दिशेला सर्वांत जास्त सापडते. वरचे आणि खालचे माप ०.१५ ते ०.२० मिमीने वेगळे आले, तर नुसत्या नव्या रिंगा घालून भागत नाही; रीबोअर, म्हणजे बोअर पुन्हा मोठा कापणे, करावाच लागतो. क्रँकचे जर्नलही (बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग) असेच दोन दिशांना मोजावे. ते ग्राइंड करायचे ठरले, तर कोपऱ्यातली गोलाई, म्हणजे फिलेट, पूर्वीइतकीच ठेवायला कारागिराला बजावून सांगावे, कारण तीक्ष्ण कोपऱ्यातूनच क्रँकला चीर जाते.

रीबोअरच्या बाबतीत क्रम उलटा होऊ देऊ नये: आधी पिस्टन हातात, मग बोअर. ओव्हरसाइज पिस्टन साधारणतः ०.५० आणि १.०० मिमीच्या टप्प्यांत मिळतात. ७३.५० मिमी बोअरला क्षमता ११८८ सीसी होते, ७४ मिमीला सुमारे १२०४ सीसी. या वाढीने वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही, म्हणून झीज निघून जाईल तेवढाच लहान टप्पा निवडावा आणि पुढच्या रीबोअरसाठी भिंतीची जाडी राखावी. चारही पिस्टन स्कर्टवर, पिनेच्या काटकोनात, उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर मोजावेत, त्यांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्या पिस्टनप्रमाणे होन करून घ्यावा. ओतीव पिस्टनला क्लिअरन्स कमी लागतो, फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतो म्हणून त्याला अधिक लागतो. डब्यातल्या कागदावरचा आकडा प्रमाण मानावा. होनिंगच्या रेषा एकमेकींना सुमारे ४५ अंशांत छेदल्या पाहिजेत.

ब्लॉक परत आल्यावर धुण्याचे काम स्वतः करावे. होनिंगच्या दगडाची बारीक भुकटी पेट्रोलने किंवा डिझेलने निघत नाही. ती गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रशनेच निघते. धुतल्यावर पांढरे सुती फडके ऑइलमध्ये बुडवून बोअरमध्ये फिरवावे. पहिल्यांदा ते राखाडी निघते, पुन्हा धुतल्यावर फिकट होते, आणि जेव्हा फडके ऑइलच्या रंगाखेरीज दुसरा कोणताही रंग न घेता बाहेर येते तेव्हाच बोअर स्वच्छ झाला असे समजावे. त्यानंतर ताबडतोब ऑइलचा हात द्यावा. जुलैच्या दमट हवेत उघडा, कोरडा बोअर बघता बघता तांबूस होतो. ऑइल गॅलरीचे प्लग काढून आतून लांब ब्रश घालणे आणि क्रँकची भोके हवेने फुंकणे हेही याच वेळी उरकावे.

ताकद वाढवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची जागा यांचे गुणोत्तर) योग्य करणे, आणि तो अंदाजाने ठरवता येत नाही. हेड उलटे, सपाट ठेवून व्हॉल्व्ह आणि प्लग बसवावेत, चेंबरच्या (हेडमधल्या ज्वलनाच्या खळग्याच्या) कडेला ग्रीस लावून छोटे भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी दाबावी आणि ब्युरेटने रंगीत रॉकेल सोडत शेवटचा हवेचा बुडबुडा निघेपर्यंत भरावे. समजा चेंबर ३३ सीसी निघाला. दाबल्यानंतर १.२ मिमी जाडीचे, ७५ मिमी भोकाचे गॅस्केट ५.३ सीसी जागा धरते. सपाट डोक्याचा पिस्टन वरच्या टोकाला असताना ब्लॉकच्या पृष्ठभागापासून ०.५ मिमी खाली राहत असेल, तर ७३.५० मिमी बोअरला आणखी २.१ सीसी. एकूण ४०.४ सीसी. एका सिलिंडरची क्षमता २९७ सीसी असल्याने रेशो ८.३५ येतो. तो ९.२ करायचा तर एकूण जागा ३६.२ सीसी हवी, म्हणजे ४.२ सीसी कमी करायची. ब्लॉकचा पृष्ठभाग ०.३ मिमी घेतला तर त्यातले सव्वा सीसी जाते, उरलेले हेड फेसिंगने. हेडवरून किती घ्यायचे ते कळण्यासाठी चेंबर काठापासून एक मिमी खाली येईपर्यंत रॉकेल काढून घ्यावे; जितके निघाले तितके सीसी एक मिमी फेसिंगमागे कमी होतात. घाटरस्त्यावर, उन्हाळ्यात आणि पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीसाठी मी ९.२च्या आसपास थांबेन. नॉकिंग (मिश्रण अवेळी, धडक्याने पेटणे) सुरू झाले की मिळवलेली ताकद पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तोडून परत जाते.

हेडचे पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटा) मोठे करण्याचा मोह टाळावा. ए-१२मध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत आणि पोर्ट रुंद केला की खालच्या आरपीएमला हवेचा वेग मंदावून गाडी मंद होते. ओतकामातला उंचवटा, गॅस्केट आणि मॅनिफोल्ड जुळत नाहीत ती पायरी, आणि सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्याच्या) लगेच मागची धार एवढेच घासावे. पोर्टच्या आतल्या वळणाला हात लावू नये. सीटला ३०, ४५ आणि ६० अंशांचे तीन काप देणे हे मात्र पैसा वसूल करणारे काम आहे. गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) ढिले असतील तर सीट कापण्याआधी बदलावेत, कारण काप गाईडच्या आधारानेच घेतला जातो. शेवटी व्हॉल्व्ह लॅप करून (सीटवर घासून जुळवून) पोर्टमध्ये रॉकेल ओतावे आणि चेंबरकडून झिरपते का ते पाहावे.

कॅम बदलायचा असेल तर टॅपेटही नवे घ्यावेत. जुने टॅपेट नव्या कॅमवर ठेवणे म्हणजे कॅमचे नाक खरवडून काढणे होय. लिफ्ट (व्हॉल्व्ह उचलण्याची उंची) वाढवलेल्या कॅमला पिस्टन आणि व्हॉल्व्हमधले अंतर तपासावेच लागते. पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळण्यातली प्लॅस्टिसिन माती लावून, हेड गॅस्केटसह कसून, टायमिंग जुळवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा आणि हेड काढून मातीची सर्वांत पातळ जागा मोजावी. इनलेटला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमीपेक्षा कमी अंतर मी स्वीकारणार नाही. बिडाचे फ्लायव्हील लेथवर मनमानी हलके करू नये. वेगात फुटलेले फ्लायव्हील गिअरबॉक्सचे घर फोडून बाहेर येते.

वजन जुळवणे घरी उत्तम होते. गुजरीतल्या सराफाकडे असतो तसा ०.१ ग्रॅमचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा, पिन आणि रिंगांसह चारही पिस्टन तोलावेत आणि सर्वांत हलक्याच्या बरोबरीने बाकीचे आतल्या बाजूच्या जाड भागातून घासून एका ग्रॅमच्या आत आणावेत. रॉडची मोठी आणि लहान टोके वेगवेगळी तोलावीत. क्रँक आणि फ्लायव्हीलचे बॅलन्सिंग मात्र मशीनवरच.

जुळवताना प्रत्येक बेअरिंगचा क्लिअरन्स प्लास्टिगेजने (दाबून चपटी होणारी, फट मोजायची प्लास्टिकची तार) पाहावा. ४५ मिमीच्या जर्नलला सुमारे ०.०४५ मिमी हे चांगले माप. रिंग बोअरमध्ये पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकलून तिच्या टोकांतली फट मोजावी. बोअरच्या दर २५ मिमीमागे ०.०८ ते ०.१० मिमी या हिशेबाने ७३.५० मिमीला ०.२४ ते ०.२९ मिमी येते. जोरात चालवायच्या इंजिनाला थोडी अधिक ठेवावी, कमी कधीच नाही, कारण टोके एकमेकांना भिडली की रिंग बोअर ओरबाडते. बोल्टच्या आट्यांना ऑइल लावून, मॅन्युअलमधल्या टॉर्कला तीन टप्प्यांत, हेड मधून बाहेरच्या दिशेने आवळावे. प्रत्येक पिस्टन बसवल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहावा. अचानक जड झाला तर कारण तिथेच, शेवटच्या जोडलेल्या भागात असते.

पेट्रोलमधले इथेनॉल या जुन्या गाडीला विशेष छळते. इथल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांत तयार होणारे इथेनॉलच आता २० टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये येते, आणि त्याने जुने रबरी पाइप व इंधनपंपाचा पडदा फुगतो. ते इथेनॉल सोसणारे बदलावेत. ई-२० जळायला शुद्ध पेट्रोलपेक्षा इंधनाचे प्रमाण सुमारे ८ टक्के जास्त लागते, म्हणून कार्ब्युरेटरचे मेन जेट जुन्या मापाचेच ठेवल्यास मिश्रण पातळ राहते. जेट एकेक टप्प्याने वाढवून, चढावर खेचल्यानंतर लगेच इंजिन बंद करून प्लगचा रंग पाहावा. एक्झॉस्टची धग कार्ब्युरेटरला लागू नये म्हणून मध्ये पत्र्याची ढाल बसवावी.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने फिरवावे, आणि जुळवणीच्या वेळी ऑइल पंपात पेट्रोलियम जेली भरलेली असावी म्हणजे तो लगेच ओढतो. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. नवा कॅम असेल तर इंजिन लागताच २००० आरपीएमवर वीस मिनिटे ठेवावे, रेंगाळत आयडल करू देऊ नये. रिंगा बसण्यासाठी भार लागतो: कोल्हापूरहून पन्हाळ्याचा चढ त्यासाठी उत्तम आहे, तिसऱ्या गिअरमध्ये मध्यम थ्रॉटलने खेचावे आणि उतारावर थ्रॉटल सोडून इंजिनाने गाडी धरू द्यावी. घरी येऊन इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे बोल्ट एकेक करून पुन्हा टॉर्क करावेत, मग गरम करून टॅपेटची फट ०.३५ मिमीला लावावी. दुसरा कॅम घातला असेल तर त्याच्या कागदावरचे माप धरावे. ऑइल आणि फिल्टर ५०० किलोमीटरला बदलावेत आणि काढलेला फिल्टर कापून घड्यांमध्ये धातूचे कण आहेत का ते उजेडात पाहावे. पहिल्या ऑइलमध्ये थोडी राखाडी चमक चालते. बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर गाडी बाहेर न काढता सम्प (इंजिनाखालचा ऑइलचा तवा) उघडून बेअरिंग पाहावेत.