नाताळच्या संध्याकाळी वंडरलाला जाताय? आधी ओलं, मग कोरडं

बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून बेंगळुरूजवळच्या बिडदीतल्या वंडरला या मनोरंजन पार्कमध्ये नाताळ करायला निघालेल्या जोडप्यांसाठी एक गोष्ट: पाण्याचे खेळ दुपारीच उरका. अंधार पडायच्या आधी ते बंद होतात, आणि डिसेंबरच्या गारठ्यात ओल्या कपड्यांनी रोषणाई बघण्यात काय मजा? चारच्या सुमाराला बाहेर या आणि लॉकरमध्ये ठेवलेला कोरडा जोड, स्वेटर घाला. पाण्यात नायलॉनसारखे सिंथेटिक कपडेच चालतात, सुती नाही. घरून घेऊन गेलात तर तिथला खर्च वाचतो.

गर्दी नाच-गाण्याच्या स्टेजकडे वळली की उंच पाळण्याची रांग बघा, बहुधा आटोक्यात असते. दिवे लागल्यावर वरून दिसणारं पार्क दोघांनी मिळून बघण्यासारखं. जेवण मात्र कार्यक्रम संपायच्या आधीच उरका, नंतर सगळे एकदम तुटून पडतात. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, तेव्हा कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा, डबा मुक्कामाच्या खोलीवरच ठेवा.

परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. म्हैसूर रोडची वाहतूक गाडी चुकवायला पुरेशी आहे.