बोरू नीट छाटला, तर अर्धं अक्षर आलंच

छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबरा बघायला जातात ते लोक घुमटाकडे बघत थेट आत शिरतात. मुख्य दाराशी जरा थांबा. दारावर पितळी पत्रा आहे आणि त्यावर अता-उल्ला आणि हंसपत राय या बांधणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. मिरजेला 1805 साली तांब्याच्या पत्र्यांवर उलटी अक्षरं कोरून भगवद्गीता छापली गेली, तिच्या अक्षरांचं वळण हाताने लिहिलेल्या पोथीचंच. कोरणारा आधी लिहिलेलं अक्षर बघतो. म्हणून कोरीव अक्षराची हौस असेल, तर सुरुवात बोरूपासून, म्हणजे छाटलेल्या काडीच्या लेखणीपासून करा.

काडी वीतभर, पेन्सिलीएवढी जाड आणि खडखडीत वाळलेली हवी. बोरू मिळाला नाही तर बांबूची कामटी चालते. धारदार चाकूने, पातं अंगापासून दूर नेत, टोकाकडून लांबट तिरका काप घ्या. आतला भुसभुशीत गर खरवडा, टोक तीन मिलिमीटर रुंद ठेवा आणि शेवटची छाट कठीण फळीवर एका दाबात तिरकी मारा. दोनदा दाबलं की धार फुटते. माझ्या पहिल्या आठ-दहा काड्या अशाच चुलीत गेल्या.

आता परीक्षा. कागदावर विरुद्ध दिशांना दोन तिरप्या रेघा ओढा. वरून डावीकडून खाली उजवीकडे येणारी रेघ केसासारखी बारीक आणि दुसरी जाड आली, तर बोरू देवनागरीचा झाला. उलटं झालं तर छाट फिरवा किंवा कागद थोडा वळवून बघा. बाजारातल्या इंग्रजी सुलेखनाच्या निबांनी मराठी अक्षर विचित्र दिसतं ते याचमुळे, त्यांचा तिरकेपणा उलटा असतो. आणि दाबू नका! इंग्रजीतल्या कॉपरप्लेट वळणात टोकदार निब दाबून जाडी आणतात. बोरूची जाडी छाटीतून येते, दाबला तर तो चिरतो.

शाई घरी करायची तर दिव्याचं काजळ आणि रात्रभर भिजवलेला बाभळीचा डिंक खलात घोटा. जितकं घोटाल तितकी शाई काळी. नाहीतर सरळ ड्रॉइंगची शाई आणा, कुणी विचारत नाही. दौतीत मऊ चिंधीचा बोळा टाका, म्हणजे टोकाला बेताचीच शाई लागते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी बसूच नका, ओळ संपेपर्यंत टोक कोरडं पडतं.

अक्षराची उंची मी टोकाच्या रुंदीच्या पाचपट धरतो. आठवडाभर नुसते काने आणि शिरोरेघा काढा. मग व, ब, क. यांचं पोट सारखं आलं की बाकीची अक्षरं ऐकतात. मोडी शिकायची असेल तर आधी पानभर आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवा. देवगिरीच्या यादवांच्या हेमाडपंताशी परंपरा ही लिपी जोडते.

नक्षीची घाई सगळ्यांनाच असते. वेलांटी, उकार आणि ओळीच्या शेवटच्या अक्षराची शेपटी, एवढ्याच ठिकाणी ती शोभते. लग्नपत्रिकेवर प्रत्येक अक्षराला वेल फुटलेला असला की वराचं नावसुद्धा वाचता येत नाही.

लिहून झाल्यावर बोरू धुवा, पुसा आणि टोक वर करून ठेवा. धार बोथट वाटली तर काडी फेकू नका, नखभर मागे पुन्हा छाटा.