बिल्डिंगचे फोटो बाहेरून काढताय? दिवसा आणि रात्री या चुका टाळा

बाहेरून काढलेला इमारतीचा फोटो बिघडला की लोक आधी मोबाईलला नाहीतर लेन्सला दोष देतात, पण आपल्या बेळगाव-खानापूर भागातले फोटो बघितले तर त्यातले कितीतरी फक्त भर दुपारी काढल्यामुळं गेलेले असतात. रविवारी सगळं आवरून, जेवून मग किल्ल्यात जायचं, तोवर सूर्य डोक्यावर आलेला असतो, भिंत सपाट दिसते, छज्ज्याखाली काळंकुट्ट आणि वर आभाळ पांढरं फटक. इमारतीचं तोंड जिकडं आहे तिकडंच राहणार, त्यामुळं त्या तोंडावर ऊन कधी येतंय ते आधी बघून ठेवायचं आणि त्या वेळेला जायचं, बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

पूर्वेला तोंड असलं तर सकाळी सात ते साडेनऊ, पश्चिमेला असलं तर चार वाजल्यानंतर, हे सोपं झालं. त्यातही ऊन अगदी समोरून पडत असलं तर कोरीवकाम चपटं दिसतं, बाजूनं तिरकं आलं की दगडाची प्रत्येक खाच वर येते, म्हणून एकाच भिंतीजवळ तासभर थांबा, फरक तुमचा तुम्हालाच कळेल. गोंधळ होतो तो उत्तरेकडं तोंड असलेल्या इमारतीत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो आणि त्या भिंतीला थेट ऊन मिळतच नाही, आणि लोक डिसेंबरात तीन-तीनदा जाऊन परत येतात. आपलं बेळगाव साधारण १५.८५ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळं मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या उत्तरेकडून जातो. पण जून-जुलैत आपल्याकडं पाऊस कसा असतोय ते सांगायला नको, म्हणजे उत्तरेच्या भिंतीसाठी खरा हाताशी राहतो तो एप्रिलचा शेवट आणि मे, तेही सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा. ते जमत नसेल तर ढगाळ दिवस धरा, नाहीतर सरळ संध्याकाळच्या दिव्यांची वाट बघा. मोबाईलमध्ये कंपास असतोच, एकदा दिशा बघून ठेवायला काय जातंय.

काळा दगड राखाडी, पांढरी भिंत मळकी

कॅमेरा समोर जे काही आहे ते मधल्या करड्या रंगाचं धरून चालतो. म्हणून किल्ल्यातल्या कमल बसदी या जैन देवळाचा काळा पाषाण ऑटोवर काढला की धुतल्यासारखा राखाडी येतो. १२०४ साली रट्ट राजांच्या काळात बांधलेलं ते देऊळ, त्याच्या दगडाचा तो गार काळा रंग हाच तर त्याचा जीव आहे, तो घालवू नका ओ. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो किती उजळ यायचा ती सेटिंग, उणे दोन-तृतीयांश ते उणे एक करा, मोबाईलवर स्क्रीनला बोट लावून सूर्याचं चिन्ह जरा खाली ओढा. हलशीच्या भूवराह नरसिंह देवळाला, देगावच्या कमल नारायणाला, कदंब राजांच्या काळ्या दगडातल्या कामाला हेच लागू आहे. उलट चुन्यानं रंगवलेलं घर किंवा सुवर्णसौधसारखी (कर्नाटकाचं बेळगावातलं विधानभवन) फिकट रंगाची मोठी इमारत असली तर अधिकच्या बाजूला जायचं, नाहीतर पांढरं मळकट दिसतं, फक्त उन्हातला भाग पूर्ण जळत नाही ना तेवढं हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखात, बघा. आभाळ आणि भिंत दोन्ही एकदम सांभाळत नसतील तर स्टँडवर तीन फोटो घ्या, एक बरोबर, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), आणि नंतर जोडा. जोडताना स्लायडर शेवटपर्यंत ओढू नका, आभाळ जांभळं आणि कडांना पांढरी रेघ आली की देऊळ कागदावर कापून चिकटवल्यासारखं दिसतंय.

बिल्डिंग मागं पडल्यासारखी का दिसते

जवळ उभं राहून कॅमेरा वर केला की उभ्या रेषा वरच्या टोकाला एकमेकींकडं झुकतात, कारण कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा सेन्सर भिंतीला समांतर राहिलेला नसतो. लोक यावर मोबाईलची ०.५ची वाईड लेन्स लावतात, त्यानं इमारत फ्रेममध्ये बसते खरी, पण रेषा अजून झुकतात आणि कडेचे खांब ताणले जातात. खरा उपाय मागं जाणं. सुवर्णसौध बघा, २०१२ मध्ये सुरू झालेली एवढी प्रचंड इमारत, हलगा-बस्तवाडजवळ हायवेला लागून, आणि लोक गेटला चिकटून वाईडमध्ये काढतात, मग घुमट बारका आणि समोरचा रस्ताच मोठा दिसतो. लांब जाऊन ७०-१०० मिलिमीटरच्या लेन्सनं काढली की तिचा आकार खरा येतो. हायवेच्या कडेला मात्र उभं राहू नका, जागा आत बघा.

गल्लीत मागं जायला जागाच नसते, ती अडचण खरी आहे. गणपत गल्ली, खडेबाजार, शहापूरची जुनी गल्ली, सगळीकडं समोरचं दुकान पाठीला लागतं. तिथं वर जायचं. समोरच्या दुकानदाराला "काका, जरा दोन मिनिटं माडीवर जाऊ काय ओ, समोरच्या वाड्याचा फोटो घ्यायचाय" असं नीट विचारलं की सहसा कोण नाही म्हणत नाही, उलट वाडा कुणाचा, कधीचा ते पण सांगत्यात. इमारतीच्या निम्म्या उंचीवर तुम्ही आलात की कॅमेरा सरळ धरूनच वरचं-खालचं दोन्ही बसतं. तेही जमलं नाही तर नंतर ॲपमध्ये पर्स्पेक्टिव्ह सरळ करा, पण त्यात कडा कापल्या जातात म्हणून काढतानाच चारी बाजूनं मोकळी जागा सोडा. आणि उंच इमारत शंभर टक्के सरळ करू नका, वरचा भाग फुगल्यासारखा दिसायला लागतो, जरासा झुकाव राहू दे. स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा, म्हणजे ग्रिड, चालू ठेवा, निम्मं काम तिथंच होतंय.

तारा आणि गाड्या. सकाळी दुकानांची शटरं उघडायच्या आधी गेलात तर गाड्यांचा प्रश्न बराच सुटतो. तारा राहणारच. त्या ॲपनं पुसायच्या मागं लागू नका, तार जाताना तिच्यामागची लाकडी पट्टी, कोरलेला कंस हे पण पुसलं जातं आणि त्या जागी ॲप काहीतरी मनचं भरतंय, तो मग त्या घराचा फोटो राहत नाही.

रात्रीचा फोटो रात्री काढू नका

सगळ्यात जास्त वाया जाणारे फोटो हे. आठ-नऊला जायचं, आभाळ ठार काळं, इमारतीची वरची कड कुठं संपते ते कळतच नाही, दिवे तेवढे पांढरे ठिपके. सूर्य मावळल्यावर साधारण पंधरा मिनिटांनी आभाळ गर्द निळं व्हायला लागतं आणि दिव्यांचा उजेड आणि आभाळाचा उजेड तेवढ्यापुरता जुळतो, आपल्या अक्षांशावर हे पंधरा-वीस मिनिटांतच आटपतं, त्यामुळं जागा, फ्रेम, फोकस सगळं आधी पक्कं करून ठेवायचं. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास, जूनमध्ये सातच्या पुढं, तसा हिशोब करा. पाऊस नुकताच थांबला असेल तर आणखी चांगलं, ओल्या डांबरावर दिवे उतरतात. डिसेंबर २०२४ मध्ये बेळगाव काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीला शहरभर रोषणाई केली होती, तसल्या रोषणाईत तर हीच वेळ धरायला पाहिजे.

स्टँड लावा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ८, शटरचा वेळ जो येईल तो, आणि बटण बोटानं दाबू नका, दोन सेकंदाचा टायमर लावा. कॅमेरा स्टँडवर असताना स्टॅबिलायझेशन (हाताचा हलका धक्का सावरणारी सोय) बंद करा, काही जुन्या लेन्समध्ये त्याच्यामुळंच फोटो हलतो. समोर यूव्ही फिल्टर असेल तर काढून ठेवा, आभाळात हिरवे ठिपके येतात ते बऱ्याचदा त्याच्यामुळं, दिव्याचा उजेड फिल्टर आणि लेन्समध्ये उलटसुलट आदळतो.

फोटोत आडवे पट्टे येत असतील तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यावर चालणारे बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि तुमचा शटर त्यापेक्षा जलद असला की पट्टा दिसतो. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवा, स्टँडवर तर अजून सावकाश. दुसरी भानगड रंगीत रोषणाईची, गणपतीच्या दिवसांत ती जास्त कळते. निळा-लाल एलईडी भिंतीवर पडला की एकच रंग जळून जातो, एकूण फोटो अंधारा वाटत असला तरी त्या भागात दगडाचा पोत शिल्लक राहत नाही. रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे बघा, मोबाईलवर निदान एक्स्पोजर खाली घ्या. आणि रस्त्यावर पिवळा दिवा, इमारतीवर पांढरा असेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स दर फोटोला रंग बदलतंय, ३५०० केल्विनच्या आसपास पक्का करा आणि रॉमध्ये, म्हणजे नंतर रंग नीट बदलता येणाऱ्या फाईलमध्ये, काढा.

चन्नम्मा चौकात गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा पाहिजेत तर दहा ते वीस सेकंद पुरतात, फक्त फुटपाथवरून.

अडवलं तर

रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढणं कॉपीराइटचा भंग होत नाही, १९५७च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये तशी सूट आहे. पण कॅम्पात लष्कराचा भाग आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथंच आहे, तिकडं फलक लावलेले असतात, तिथं कॅमेरा बाहेर काढायचा नाही म्हणजे नाही. पुरातत्व खात्याच्या देवळात स्टँड लावायच्या आधी परवानगी घ्या. ड्रोन उडवायच्या आधी डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोन कुठं उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा बघा, सांबरा विमानतळ जवळ आहे आणि लष्करी भाग वेगळाच.

पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या झाकण काढू नका, लेन्सवर बाष्प धरतं. पिशवीतच दहा-पंधरा मिनिटं राहू दे. घरी लेन्स सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, आपल्याकडच्या दमटपणात कपाटातल्या लेन्सला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो.

आणि ज्यांच्या गल्लीत अजून जुनं घर उभं आहे, कौलारू, जांभ्या दगडाच्या भिंतीचं, त्यांनी एक सुंदर फोटो काढून थांबू नका. ही घरं पडून अपार्टमेंट उभं राहतंय ते आपण बघतोच आहोत. समोरून सरळ एक, दोन्ही कोपऱ्यांवरून एकेक, मग दार, खिडकी, खांब, कौलाची कड असे जवळून, आणि एका फोटोत माप कळावं म्हणून दाराजवळ कुणीतरी उभं. फाईलच्या नावात गल्ली, तारीख आणि तोंड कुठल्या दिशेला ते लिहा. समोर मोटारसायकल आली तर येऊ दे, पण दाराची चौकट वरच्या पट्टीसकट पूर्ण यायला पाहिजे.