कूलंट टेम्परेचर सेन्सर घरी बदलण्याआधीची तयारी

जुन्या पेट्रोल गाडीचा कूलंट टेम्परेचर सेन्सर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे (कूलंटचे) तापमान मोजणारा सेन्सर, बिघडला की गरम इंजिन लवकर सुरू होत नाही, पेट्रोलचा खर्च वाढतो, काळा धूर येतो आणि कधी कधी रेडिएटरचा पंखा थंड इंजिनवरही फिरत राहतो. किनाऱ्यालगतच्या गावांत मात्र, मग ते गुहागर असो वा देवगड, एवढ्यावरून नवा सेन्सर मागवू नये. आधी कपलर (सेन्सरला वायरी जोडणारा प्लग) काढून त्यातल्या पिना उजेडात नीट पाहाव्यात. खाऱ्या हवेने त्यांवर हिरवट थर चढलेला असतो आणि सेन्सर धडधाकट असूनही ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) सर्किट तुटल्यासारखे दिसते. म्हणून यादीत पहिले नाव कॉन्टॅक्ट क्लीनरचे (विजेच्या पिना साफ करणाऱ्या फवाऱ्याचे) आणि जुन्या, मऊ टूथब्रशचे असावे.

दुसरी वस्तू मल्टिमीटर. कपलर काढून, चावी ऑन पण इंजिन बंद ठेवून, कपलरच्या दोन पिनांमध्ये सुमारे ५ व्होल्ट मिळतात का ते पाहावे. मिळत नसतील तर दोष वायरिंगमध्ये किंवा ईसीयूकडे आहे, सेन्सर बदलून काहीच साधणार नाही. मग सेन्सरचा रोध मोजावा. बऱ्याच गाड्यांत तो २० अंशांना २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे आपल्याकडच्या ३० अंशांच्या सकाळी थंड इंजिनवर दीड ते दोन किलोओहम दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. ईसीयूतले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर जोडता येत असेल तर पी०११८ हा कोड सर्किट तुटल्याचा आणि पी०११७ शॉर्ट झाल्याचा. इंजिनचे तापमान उणे ४० दाखवले तर तेही तुटलेल्या सर्किटचेच लक्षण समजावे.

सुटा भाग मागवताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी. अनेक जुन्या गाड्यांत थर्मोस्टॅटजवळ (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेजवळ) दोन सेन्सर शेजारी शेजारी असतात: एका वायरीचा डॅशबोर्डवरच्या काट्यासाठी आणि दोन वायरींचा ईसीयूसाठी. मी एकदा फोनवर नुसते ‘टेम्परेचर सेन्सर’ एवढेच सांगितले आणि कोल्हापूरहून दोन दिवसांनी आलेल्या पुडक्यात काट्याचा सेन्सर निघाला. चूक माझीच होती. तेव्हापासून जुन्या सेन्सरवरचा क्रमांक, कपलरचा फोटो आणि चॅसिस क्रमांक पाठवल्याशिवाय मी पैसे देत नाही. सोबत नवे वॉशर आणि वायरींसह एक सुटे कपलर मागवावे, कारण जुन्या प्लॅस्टिकचे लॉक हात लावताच तुटते आणि तसले कपलर गावातल्या दुकानात मिळेलच असे नाही. नवा सेन्सर बसवण्याआधी पेल्यातल्या गरम पाण्यात त्याचे टोक बुडवून रोध उतरतो का ते पाहून घ्यावे.

हत्यारांत खोल बॉक्स पाना (माप बहुधा १९, पण मोजून घ्यावे), टॉमी, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलसाठी १० चा पाना आणि गंज सोडवणारे तेल, एवढे पुरते. हे तेल आदल्या संध्याकाळीच सेन्सरच्या आट्यांवर मारून ठेवावे. आटे ॲल्युमिनियमच्या भागात असतात, तेथे जोर केला तर शंभर-दोनशे रुपयांचे काम हजारोंवर जाते. काट्याच्या सेन्सरला टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, कारण त्याची अर्थिंग आट्यांतूनच होते.

काम सकाळी, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर दाबाखालचे कूलंट उसळून हात-तोंड भाजते. त्याच प्रकारचे कूलंट, डिस्टिल्ड वॉटर, फनेल आणि रुंद तोंडाचे भांडे जवळ ठेवावे. सांडलेले कूलंट गोडसर पण विषारी असते. ते आळ्यात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नये, आणि काम चालू असेपर्यंत कुत्र्या-मांजरांना खळ्यात फिरकू देऊ नये. पावसाळ्यात हे काम काढायचे तर पडवीत गाडी घेण्याची सोय आणि चार्ज केलेली हातबॅटरी (टॉर्च) हवी, कारण वीज नेमकी तेव्हाच जाते.

कपलर परत लावण्याआधी त्याच्या रबरी कडेवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहणाऱ्या, ओल रोखणाऱ्या ग्रीसचा) पातळ हात फिरवावा. इथल्या हवेत ही वस्तू विसरली तर सहा महिन्यांत पुन्हा हिरव्या पिना पाहाव्या लागतात. कूलंट भरल्यावर हीटर गरमवर ठेवून, रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवण्यास किमान अर्धा तास राखून ठेवावा, आणि थंड झाल्यावर पुन्हा पातळी पाहण्यासाठी कूलंटची थोडी शिल्लक ठेवावी.